तीन लाल गोल

माय पहाटेच चूल पेटवायची. बदनापूरच्या स्टेशनावरून पहिल्या गाडीची शिट्टी आमच्या गावापर्यंत यायच्या आत अण्णांच्या डब्यात दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरात असलाच तर एक कांदा पडलेला असायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. ते रोज गाडीने जालन्याला जायचे, जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानात कामाला. गिऱ्हाईकापुढे तागे उलगडायचे, कापड झटकून अंथरायचं, मुठीत चुरगळून दाखवायचं आणि त्याची तारीफ करायची, हे त्यांचं काम. ते गेले की घरात भाकरी थापण्याचा आणि माझ्या पाठांतराचा एवढाच आवाज उरायचा. मी चुलीपाशी बसून कविता म्हणायचे. मायला एक अक्षर येत नव्हतं. पण मी कुठे अडखळले की परातीतला तिचा हात थांबायचा आणि मी पुढे गेले की पुन्हा चालू व्हायचा. शब्द बरोबर की चूक हे तिला कळायचं नाही, माझा आवाज लटपटला हे मात्र बरोबर कळायचं.

मायने माझ्या तोंडावर माझी तारीफ केल्याचं मला आठवत नाही. ती दुसऱ्या बाईला सांगायची, आणि मी ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे याची आधी खात्री करून घ्यायची. आडावर पाणी शेंदताना, पिठाच्या गिरणीपुढे रांगेत, कुणाच्या घरी बायका शेवया करायला बसल्या असताना. ‘कांताला एकदा सांगितलं की बस, दुसऱ्यांदा सांगावं लागत न्हाई.’ मग घरी आली की मीठ-मोहऱ्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की म्हणायची, बघ किती लागली होती. दिवेलागणीनंतर लेकराचं कौतुक करायचं नाही, हा तिचा पक्का नेम होता. त्या वेळी दृष्ट जास्त लागते म्हणे. त्यामुळे संध्याकाळच्या गाडीने अण्णा घरी येईपर्यंत मायची तारीफ संपलेली असायची. ते बरंच होतं. अण्णांना तारीफ खपत नव्हती. एकदा कुणी तरी त्यांच्यासमोर माझं कौतुक केलं तेव्हा ते म्हणाले होते, “मी दिवसभर तारीफच करून राह्यलो. मला तिचा भाव माहीत हाय. जे कापड खपत न्हाई त्याची जास्ती तारीफ करावी लागती.”

गावातल्या शाळेत सातवीपर्यंत मी दर वर्षी पहिली आले. वर्गात आम्ही अकरा जण होतो. दुसरी यायची सुमन, सरूकाकूची मुलगी. सरूकाकू म्हणजे अण्णांच्या चुलत भावाची बायको. आमच्या घरामागेच त्यांचं घर. काका ट्रकवर असायचे, महिन्यातून एखादेवेळी घरी यायचे. सरूकाकू सुमनचं कौतुक कधी करायची नाही. करणार कशाचं, शेजारच्या घरातून पहिल्या नंबरची बातमी रोजच यायची. सातवीनंतर मी बदनापूरच्या शाळेत जावं असं मायने ठरवलं आणि अण्णांनी अट घातली. आठवीला बघू, झेपलं तर शीक, नाहीतर प्लॉट आहेच. मला शाळेत घातलं म्हणून काकूनेही सुमनला पाठवलं, दोघी मिळून जातील म्हणून. आम्ही शेताच्या कडेने चालत जायचो, तासभर.

प्लॉट म्हणजे पाटलांच्या मळ्यात एका कंपनीने घेतलेला कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट. आमच्या भागात तेव्हा असे प्लॉट पुष्कळ झाले होते. गावातल्या बहुतेक बायका पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तिथेच असायच्या. काम बोटांचं. उद्या उमलणारी कळी दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि नराचा भाग सोलून काढायचा, मधली नाजूक काडी तेवढी ठेवायची, आणि कळी उद्या सापडावी म्हणून तिथे लाल कागदाची पट्टी अडकवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पट्टी शोधत जायचं आणि त्या काडीवर दुसऱ्या झाडाचं नराचं फूल फिरवायचं. ज्याला लाल खूण ते बियाण्याचं. खूण नसलेलं फूल, खूण नसलेलं बोंड तोडून फेकायचं. ते राहिलं तर कंपनीचा साहेब सगळा माल नापसंत करायचा. पोरींची बोटं बारीक म्हणून या कामाला पोरी फार लागायच्या. मायच्या उजव्या अंगठ्याचं नख त्या दिवसांत मुळापर्यंत झिजलेलं असायचं. त्या बोटांनी ती भाकरी थापायची आणि मीठ लागलं की श्वास आत ओढायची. मला ती प्लॉटवर पाय ठेवू द्यायची नाही. निरोप द्यायलासुद्धा बांधावरून हाक मारायची, आत यायचं नाही.

बदनापूरच्या शाळेत माझं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. वर्गात साठ-पासष्ट मुलं. गणिताचे सर फळ्यावर लिहीत लिहीत बोलायचे आणि बोलत बोलत पुसायचे. इंग्रजीच्या बाई प्रश्न विचारत माझ्यापर्यंत यायच्या आत मी वहीत तोंड खुपसायचे. गावच्या शाळेत मी न कळता कधी बसलेच नव्हते, त्यामुळे ‘मला कळलं नाही’ हे कसं सांगायचं हे मला येत नव्हतं. सुमनला यायचं. ती हात वर करून विचारायची, पोरं हसायची, ती परत विचारायची. मी कळल्यासारखी मान हलवायचे. घरी माय विचारायची, बराबर चाललंय ना? मी म्हणायचे, बराबर.

पहिल्या घटक चाचणीचं प्रगतिपुस्तक मिळालं त्यात सगळे आकडे निळ्या शाईचे होते आणि तीन आकड्यांभोवती लाल गोल होते. गणित सात, इंग्रजी आठ, विज्ञान सहा, पंचवीसपैकी. पालकांची सही आणून पुस्तक परत द्यायचं होतं, नाहीतर वर्गात बसू देणार नव्हते. अण्णांना आकडे वाचता यायचे; दुकानात दिवसभर त्यांचं मीटरचं मोजमाप चालायचं. संध्याकाळी मी पुस्तक दप्तरातून काढलंच नाही. सकाळी ते गाडीला गेल्यावर ते घेऊन प्लॉटच्या बांधावर गेले. मी काय करते आहे हे मला पूर्ण माहीत होतं. माझ्या वयाचा आडोसा मी आज घेणार नाही.

माय कंबरेएवढ्या कपाशीत होती. बोटं पिवळी झालेली. काय गं, म्हणाली, अण्णाची सही राह्यली? ते गेल्ते, मी म्हणाले, तुझा अंगठा चालतो. तिने लुगड्याला हात पुसले. मी बॉलपेनने तिचा अंगठा निळा केला आणि चौकट दाखवली. अंगठा लावता लावता ती थांबली.

“हे लाल गोल कशाचे?”

ती त्या गोलांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हळूहळू उमटत गेलं ते मी बांधावर उभी राहून पाहिलं.

“निवडलेले हायत व्हय?”

मी मान हलवली. रोज वर्गात हलवायचे तशीच.

अंगठा लावून तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मी दहा पावलं जायच्या आत पलीकडच्या ओळीत सरूकाकूला सांगितलं की कांताला तीन लाल पडले. कुणी हसलं नाही. लाल म्हणजे काय हे तिथे प्रत्येकीला ठाऊक होतं. एका म्हातारीने तेवढं विचारलं की इषय तर पाच-सहा असतील, तीनच कशे? माय म्हणाली, पहिल्याच खेपेला तीन म्हंजे कमी झाले का. मी वाटेने चालत राहिले. पाठीमागे मायचा आवाज वारा आणत होता आणि मला पळावंसं वाटत होतं. त्या दुपारी शाळेत मी पुस्तक जमा केलं. संध्याकाळी घरी आले तर मायने गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळून ठेवले होते, चार. दिवे लागायच्या आत खाऊन घे म्हणाली. मी पाण्याच्या घोटाबरोबर एक खाल्ला.

त्यानंतर प्लॉटवरच्या बायका मला ‘लालवाली’ म्हणू लागल्या. शाळेला जाताना कुणीतरी कपाशीतून डोकं वर काढायची, आली गं लालवाली, म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. प्रेमाचंच हसणं होतं. मला रोज वाटायचं, आज कुणी तरी कुणाला तरी विचारणार. कंपनीचा साहेब येतो, शिकलेला असतो, त्याला माय सांगणार. नाहीतर दिवेलागणीचा नेम एखाद्या दिवशी चुकणार आणि अण्णा ऐकणार. गाडीची शिट्टी झाली की मी दाराकडे कान लावून बसायचे. अण्णा दारात चपला काढायचे, मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, ते पाय धुवायला जायचे, आणि मग मी दप्तर उघडायचे.

पण उघड पडायचं होतं ते भलतीकडूनच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुमन शाळेत आली नाही. मला वाटलं ताप असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या संध्याकाळी ती आमच्या परसात आली, मला बाजूला घेतलं. तिच्या पुस्तकावर काकू अंगठा लावत नव्हती. पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, एकही लाल नाही. सुमनने सांगून पाहिलं की लाल म्हणजे नापास. काकूने तिच्या दंडाला चिमटा काढला. जळती व्हय कांतावर, म्हणाली. तिला तीन, तुला एक न्हाई. तासभर चालून जाऊन काय करती तिथं, त्यापरीस चल प्लॉटवर. अंगठा नाही म्हणून शाळेत जाता येईना, आणि शाळेत जात नाही म्हणून काकू तिला प्लॉटवर घेऊन गेली. सुमनच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

“तू सांग,” ती म्हणाली. “माझं ऐकत न्हाई ती. तू सांगितलं तर ऐकंल.”

“सांगते.”

“कवा?”

“उद्या.”

तो उद्या मी चार दिवस केला. सरांनी हजेरी घेताना विचारलं, तुमच्या गावची ती का येत नाही? मी म्हणाले, ताप आलाय. आता म्हातारपणी मी जालन्यात मस्तगडाजवळ राहते, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, घरात नातवंडं आहेत. त्यांचे मार्क सुनेच्या मोबाइलवर येतात, त्यात लपवाछपवीला जागाच नाही. नातवाने कागदावर चार रेघा ओढल्या तरी घरात सगळे वा वा करतात, मीही करते. करताना कधी कधी मध्येच थांबते. तारीफ करू नये असं मी म्हणणार नाही. मी तिच्यावरच वाढले. पण त्या चार दिवसांत मला कळलं होतं की माझी तारीफ कुणाच्या तरी वाट्यातून कापून आलेली आहे, आणि ती परत द्यायची तर मला ती अंगावरून सोलून द्यावी लागणार आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे शब्दांत कळत नाही. ती फक्त रात्री कूस बदलत राहते. मी सांगितलं की अण्णा मला काढणार. नाही सांगितलं की सुमन गेली. या दोन्हीच्या मध्ये कुठे तरी एखादी वाट असेल म्हणून मी रोज शाळेच्या रस्त्याने शोधत जायचे. प्लॉटच्या कडेला आले की मान खाली घालायचे. चौथ्या दिवशी मान वर झाली. सुमन बांधालगतच्याच ओळीत होती. लुगड्याचा तुकडा कमरेला बांधून त्यात लाल पट्ट्या भरलेल्या. तिने मला हाक मारली नाही. नखाने कळी सोलत राहिली. दप्तर पाठीला लावून मी तिच्यासमोरून गेले.

त्या संध्याकाळी माय ओट्यावर मेथी निवडत होती. उन्हं अजून होती. मी तिच्या शेजारी बसले आणि मेथीची काडी हातात घेतली.

“माय, ते लाल गोल असतात ना. त्यातला एखादा कधी कधी नापासाचा असतो.”

“एखादा?”

“हां.”

तिने एक जुडी सोडली. पानं खुडून परातीत टाकली. मग म्हणाली, “आन बाकीचे दोन?”

“तेबी.”

ती मेथी निवडत राहिली. मी मार खायला तयार होऊन बसले होते, मार आला असता तर बरं झालं असतं. तिने विचारलं की सुमनला एकही लाल नाही ना. मी म्हणाले नाही. म्हणजे ती पास. सगळ्यात पास. मग ती म्हणाली, “आन तू चार रोज तिला प्लॉटवर बघून राह्यली.” तिने परात तशीच ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, चल.

सरूकाकू नुकतीच प्लॉटवरून आली होती. सुमन दाराशी हात धूत होती. माय आत न जाता अंगणातच उभी राहिली आणि सुमनचं पुस्तक काढायला लावलं. काकू म्हणाली, आक्का, त्यात काय हाय बघायला. सुमनने ते आणलं. मायने ते माझ्या हातात दिलं आणि वाच म्हणाली. मी वाचलं. मराठी एकवीस. हिंदी अठरा. गणित एकवीस. इंग्रजी सतरा. विज्ञान वीस. माझ्याच आवाजात दुसरीचे आकडे. वाचताना मला पहिल्यांदाच कळलं की सुमन वर्गात माझ्या कितीतरी पुढे गेली आहे आणि तिने हे मला एकदाही ऐकवलं नव्हतं. काकूने विचारलं, एकवीस म्हंजे किती पैकी. पंचवीस. मग माय म्हणाली, आता तुझे सांग. माझं पुस्तक शाळेत होतं, पण मला आकडे पाठ होते. सात, आठ, सहा.

“सात म्हंजे?” काकूने मायला विचारलं.

“सात म्हंजे नापास, सरू. लाल म्हंजे नापास. माझी नापास झाली, तुझी पास हाय.”

काकू माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. ती मायकडे बघत होती. “साऱ्या प्लॉटला सांगितलं तुमी, आक्का,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी चिमटे काढले पोरीला.”

“उद्या मीच सांगते साऱ्यांला.”

दिवेलागण झाली होती, पलीकडच्या घरात कुणी तरी दिवा लावला होता. मायने सुमनला जवळ ओढलं, तिच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दिवे लागल्यावर कौतुक न करण्याचा नेम तिने त्या दिवशी मोडला, दुसऱ्याच्या पोरीसाठी. काकू हे बघत उभी होती. तिला आपल्या मुलीला काय म्हणावं हे सुचत नव्हतं, सवयच नव्हती. शेवटी तिने सुमनच्या हातातलं पुस्तक घेतलं, ते सरळ आहे की उलटं हे चाचपलं, आणि विचारलं, “अंगठा कुठं लावू?”

आम्ही घरी आलो तेव्हा अण्णा पाय धूत होते. शिट्टी कधी झाली ते मला कळलंच नव्हतं. माय सांगणार नाही, निदान आज नाही, अशी माझी मनोमन समजूत होती. तिने त्यांना ताट वाढलं, भाकरी वाढली, आणि मग सरळ सांगितलं, कांता तीन इषयात गेली. माझ्याकडून अंगठा घेतला तिनं, तुमच्यापासून लपवलं. अण्णांनी घास खाली ठेवला. मला आकडे विचारले. मी सांगितले. दिवसातून दुसऱ्यांदा सांगताना ते हलके झाले नव्हते.

“मंग ठरलं व्हतं तसं,” अण्णा म्हणाले.

“सहामाहीपर्यंत थांबा.”

“तुझ्या तारीफेनं बिघडली ती.”

माय तव्यावरची भाकरी उलटत होती. “असंल,” ती म्हणाली. “आजपासून करत न्हाई. पर सहामाहीपर्यंत थांबा.”

अण्णांनी पूर्ण जेवण संपवलं, हात धुतले, पानाची चंची सोडली. मी भिंतीला टेकून उभी होते. त्या दहा-पंधरा मिनिटांत माझं पुढचं सगळं आयुष्य होतं, हे मी आता म्हणते. तेव्हा मला फक्त सुमनच्या कमरेच्या लाल पट्ट्या दिसत होत्या. अण्णा मेहेरबानी केल्यासारखे बोलले नाहीत, रागावूनही नाही. दुकानात शेवटचा भाव सांगावा तसे म्हणाले, “सहामाही. त्याच्यापुढं मी बिलकुल ऐकणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मायने प्लॉटवर सगळ्यांना सांगितलं. मी तिथे नव्हते. काकूने पुढे कधी तरी सांगितलं की सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ती बांधावर उभी राहिली आणि मोठ्याने बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या म्हाताऱ्या बाईने म्हणे सुनावलं, मंग हिरवा गोल कशाचा असतो तेबी इचारून ठेव. बायका हसल्या. माय हसली नाही, आपल्या ओळीत शिरून कामाला लागली. मला ‘लालवाली’ म्हणणं बंद झालं. कपाशीतून डोकी वर यायची, माझ्याकडे बघायची आणि परत खाली जायची.

आणि मायने शब्द पाळला. त्यानंतर सहामाहीपर्यंत तिने माझ्याबद्दल कुणाला चांगलं किंवा वाईट काही सांगितलं नाही. मी चुलीपाशी बसून वाचायचे, ती भाकरी थापायची, आणि मी अडखळले तरी तिचा हात थांबत नव्हता. त्याची मला इतकी धास्ती बसली की मी मुद्दाम अडखळून बघितलं. हात चालूच. एखादी खोली रिकामी केल्यावर तिच्यात जसं आपल्या पावलांचंच ऐकू येतं, तसं मला त्या दिवसांत माझंच वाचन ऐकू यायचं. जिथे मला कळत नव्हतं तिथे ते उघडं पडायचं. मी सुमनकडे जायला लागले. ती शाळेत परत आली होती. शाळेतून आलो की त्यांच्या ओट्यावर बसून ती मला गणित शिकवायची. शिकवायची म्हणजे विचारायची, हे कसं आलं? मी मान हलवली की म्हणायची, मान नको हलवू, तोंडानं सांग. दुसरं काही बोलायची नाही. वाटेने जाताना आम्ही आधी किती बोलायचो, आता ती चार पावलं पुढे चालायची. मला ते रास्त वाटायचं. गणित मात्र तिने कधी अर्धवट सोडलं नाही. वर्गात मी पहिल्यांदा हात वर करून ‘कळलं नाही’ म्हणाले तेव्हा पोरं हसली, आणि सुमनने मागे वळून एकदा बघितलं. त्या आठवड्यात तिने मला तिच्या डब्यातला धपाट्याचा तुकडा दिला.

सहामाहीचे पेपर दिवाळीआधी झाले. निकाल सुट्टीनंतर लागला. मधले दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. घर सारवलं, करंज्या झाल्या, अण्णांनी दुकानातून माझ्यासाठी फ्रॉकचं कापड आणलं आणि कापडाबद्दल एक शब्दही न बोलता ठेवून दिलं. मी ते हातात घेऊन विचार करत बसले की हे शाळेला घालायचं की प्लॉटवर.

सुट्टीनंतर प्रगतिपुस्तक हातात आलं. मी ते वर्गात उघडलं नाही. वाटेतही नाही. सुमन बरोबर चालत होती, तिनेही विचारलं नाही. पाटलांच्या मळ्याजवळ आल्यावर मी उघडलं, बघितलं आणि मिटलं. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नव्हता.

माय अंगणात होती. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने हात धुतले, पुसले, ते घेतलं आणि सगळ्या ओळींवरून नजर फिरवली. निळंच सगळं. गोल एकही नव्हता. मी तोंड उघडलं, सांगणार होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुस्तक घेऊन ती घरामागे सरूकाकूच्या अंगणात गेली. मी तिच्या मागून गेले. सुमन दप्तर ठेवून नुकती बसली होती. मायने तिच्या मांडीवर पुस्तक ठेवलं.

“तू वाच.”

सुमनने माझ्याकडे बघितलं. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मराठी अठ्ठावन्न. हिंदी त्रेपन्न. इंग्रजी एक्केचाळीस. विज्ञान चव्वेचाळीस. गणित छत्तीस. वाचताना माय तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती, एखादा आकडा सरकतोय का, सुमनची जीभ कुठे अडखळतेय का ते बघत. मला माझ्या मायनेच असं दुसऱ्याच्या तोंडून तपासावं, हे मी मिळवलेलंच होतं. काकू दारात येऊन उभी राहिली होती.

“पास कितीला असतं?” मायने विचारलं.

“पस्तीसला, मोठी माय.”

“म्हंजे एकानं.”

“एकानं. पर पास हाय. समद्यात पास हाय.”

मायच्या हातातला पदर सुटला. ती तिथेच, सुमनच्या ओट्याखालच्या दगडावर बसली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी, आणि बघतच राहिली. सुमन पुस्तक मिटायला लागली तेव्हा तिने हात पुढे करून ते उघडंच धरलं.

“परत वाच,” माय म्हणाली.